बडोद्यात सल्काटा कासव पाळताना: ऊन, ऊब, गवत आणि पाणी

कासव आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं, तेव्हा तो आजार बहुतेक वेळा काही आठवडे जुना झालेला असतो. कुत्रं कण्हतं, मांजर कोपरा धरून बसतं. कासव आधी होतं त्याहून जरासं हळू होतं, एवढंच. पाळलेल्या कासवांच्या आजारांकडे नीट पाहिलं तर त्यातले फार थोडे नुसत्या जंतूंपासून सुरू होतात. अपुरं ऊन, रात्रीचा गारठा, चुकीचं खाणं आणि पाण्याची कमतरता या चार गोष्टींनी शरीर आधी पोखरलं जातं आणि जंतू मागाहून शिरतात. म्हणून या लेखात औषधं थोडी आणि रोजची व्यवस्था जास्त आहे.

आधी कागद

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवणं हा गुन्हा आहे. कुणी भेट दिलं, देवाचं म्हणून आणलं किंवा वास्तुशास्त्राच्या सल्ल्याने धनलाभासाठी ठेवलं, तरी कायद्याला त्याने फरक पडत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार हे कासव अनुसूची १ मध्ये आहे आणि शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैदेची आहे. २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानेही त्याला सर्वांत कडक संरक्षण दिलं. घरात असं कासव असेल तर वन विभागाला कळवून त्यांच्या ताब्यात द्या. परस्पर रानात नेऊन सोडू नका, कारण घरातला संसर्ग त्याच्यामार्फत रानातल्या कासवांपर्यंत पोचतो. पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या किंवा तळ्याच्या काठाने रस्त्यावर आलेली कासवंही पाळण्यासाठी उचलायची नाहीत.

कागदपत्रांसह पाळता येतं त्या जमिनीवरच्या कासवांत आपल्याकडे जास्त दिसतं ते सल्काटा. हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या साहेल पट्ट्यातलं कासव. साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंद परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर करावी लागते. नवा प्राणी ताब्यात आल्यावर त्यासाठी ३० दिवस मिळतात. तो दुसऱ्याला दिला, दगावला किंवा त्याला पिल्लं झाली, तर तेही कळवावं लागतं. 'नोंद नंतर करू' म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका.

पुढचं सगळं सल्काटाविषयी आहे. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या, लाल कानपट्टीच्या पाण्यातल्या कासवाची निगा अगदी वेगळी असते, त्याला हे लागू करू नका. ते नकोसं झालं म्हणून सूरसागर तळ्यात किंवा नदीत तर मुळीच सोडू नका. मूळचं अमेरिकेतलं हे कासव इथल्या कासवांच्या वाट्याचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं.

नवीन सल्काटा विकत घेण्याचा सल्ला मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुणालाही देणार नाही. अंड्यातून निघताना ते पाच सेंटिमीटरचं असतं, तळहातावर मावतं. पंधरा-वीस वर्षांत ते ४०-५० किलोंचं होतं, नर त्याहूनही मोठे होतात, आणि आयुष्य पन्नास-सत्तर वर्षांचं. ज्यांच्या घरी ते आधीच आलेलं आहे आणि ज्यांना ते नीट वाढवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

जागा

पिल्लाला सुरुवातीला चार फूट बाय दोन फुटांची, वरून झाकता येईल अशी लाकडी पेटी पुरते. काचेची टाकी नको. काच त्याला समजत नाही, ते दिवसभर तिच्यावर नाक घासत राहतं. पेटीत नर्सरीत मिळणारं कोकोपीट तीन-चार इंच जाड पसरा आणि हाताला ओलसर लागेल इतपत भिजवत राहा. वाळू नको, ती खाण्याबरोबर पोटात जाऊन साचते. नुसते वर्तमानपत्राचे कागदही नकोत, कारण त्यांच्यावर पाय घसरतात आणि पेटी कोरडीठाक राहते.

हा ओलसरपणा फार महत्त्वाचा आहे. वाळवंटाजवळचा प्राणी म्हणून सल्काटाला कोरडं ठेवायचं, हा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला. प्रत्यक्षात रानात पिल्लं पावसाळ्याच्या सुमारास बाहेर येतात आणि दिवसाचा बराच वेळ दमट बिळात काढतात. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लाच्या कवचावरचा एकेक खवला टेंगळासारखा वर येतो आणि पाठ खडबडीत होते. एकदा आलेले उंचवटे पुन्हा सपाट होत नाहीत. पहिली दोन वर्षं पेटीतली हवा ७०-८० टक्के दमट ठेवा. दमटपणा मोजायचा छोटा काटा स्वस्तात मिळतो. मात्र दमट आणि गार ही जोडी छातीच्या संसर्गाला आमंत्रण देते, तेव्हा पेटी दमट असेल तर ती उबदार असलीच पाहिजे.

वीतभर झालेल्या कासवाला अंगण लागतं. भोवतीची भिंत आरपार न दिसणारी हवी. जाळीतून पलीकडचं दिसलं की ते ढकलत राहतं, आणि मोठ्या सल्काटाचं ढकलणं साध्या लोखंडी जाळीला झेपत नाही. शिवाय हे कासव बिळं खणतं, तीही कित्येक फूट लांब. म्हणून कडेने दीड फूट खोल विटा पुरून घ्याव्यात आणि घराच्या पायाजवळ त्याला खणू देऊ नये. कण्हेर, बिट्टी, रुई, धोत्रा, घाणेरी, एरंड, डिफेनबाकिया यांतलं काहीही त्याच्या आवाक्यात नसावं. बडोद्याच्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर सर्रास असते. तिची गळून पडलेली पानंसुद्धा विषारी असतात.

ऊन आणि ऊब

कासव स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान राखत नाही. अन्न पचवणं, संसर्गाशी लढणं, हाडं भरणं ही सगळी कामं बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर चालतात. गारठलेल्या कासवाच्या पोटात गेलेलं गवत न पचता पडून राहतं. म्हणून कासव खात नाही अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न त्याच्या जागेच्या तापमानाबद्दल असतो. औषधाचा विचार त्यानंतर.

त्याला एकाच जागेत दोन हवामानं द्यावी लागतात. एका टोकाला शेकायची जागा, तिथे पाठीच्या उंचीवर ३५ ते ३८ अंश. दुसऱ्या टोकाला सावली, २७-२८ अंश. या दोन टोकांमध्ये ते स्वतः ये-जा करून आपलं तापमान सांभाळतं. तापमान भिंतीवर मोजू नका. तापमापक कासवाच्या पाठीच्या उंचीवर धरा, दोन्हींत चांगलाच फरक निघतो. रात्री पिल्लाची पेटी २६ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. मोठ्या कासवाला २५ च्या आसपास उत्तम, आणि २१ ही शेवटची मर्यादा समजा.

रात्रीच्या उबेसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याला जोडलेला, ठरवलेलं तापमान राखणारा थर्मोस्टॅट लागतो. होल्डर चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. हीटर वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने टांगा. पाठीपासून तो किमान फूटभर वर असावा, नाहीतर सगळीकडे गारठा आणि कवच मात्र एका जागी भाजलेलं अशी अवस्था होते. खाली गरम होणारे दगड वापरू नयेत. खालून पोट भाजत असलं तरी कासव त्यावरून उठेल याची खात्री नसते.

आता ऊन. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोचत नाही. ते मिळालं नाही की कवच मऊ पडतं, पाय वाकतात, जबडा लुळा होतो. पाळीव कासवांमध्ये सर्वांत जास्त दिसणारा आणि पूर्णपणे टाळता येणारा हा आजार. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ऊब असते, पण यूव्हीबी काच अडवते. खिडकीपाशी कासव ठेवून 'रोज ऊन देतो' म्हणणाऱ्या घरांतली कासवं याच कारणाने मऊ कवचाची होतात. ऊन थेट अंगावर पडायला हवं.

बडोद्याला उन्हाची वाण नाही, फक्त वेळ सांभाळायची. हिवाळ्यात नऊ ते अकरा-बारा, उन्हाळ्यात साडेसात ते साडेनऊ. उन्हात ठेवताना निम्मी जागा सावलीत असलीच पाहिजे. काचेच्या टाकीत किंवा लहान टबमध्ये घालून उन्हात ठेवणं अगदी धोक्याचं, आतलं तापमान काही मिनिटांत जिवावर बेतण्याइतकं चढतं. उताणं पडलेलं पिल्लूही उन्हात फार वेळ तग धरत नाही, म्हणून पिल्लाजवळ कुणीतरी बसलेलं असावं. घारी, कावळे आणि माकडांचाही प्रश्न आहेच.

ज्या घरात थेट ऊन येत नाही तिथे यूव्हीबीची लांब नळी लावावी लागते. साधी ट्यूबलाइट किंवा पिवळा बल्ब ते काम करत नाही. नळीचा उजेड दिसत राहिला तरी त्यातली यूव्हीबी हळूहळू उतरते, म्हणून वर्षभरात ती बदलायची. लावली ती तारीख नळीच्या पट्टीवर लिहून ठेवा.

खाणं

सल्काटा गवत खाणारा प्राणी आहे. त्याच्या खाण्यात ऐंशी टक्के गवत आणि उरलेल्यात पाला, फुलं असं धरून चाला. आपल्याकडे यासाठी सर्वांत सोयीची वनस्पती म्हणजे दूर्वा. गच्चीवर दोन-तीन प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये माती भरून दूर्वा लावा, एक क्रेट चरायला ठेवा आणि बाकीचे वाढू द्या. सार्वजनिक बागेतली हरळी आणू नका, तिच्यावर फवारणी झालेली असते आणि कुत्रीही फिरलेली असतात. गुजरातेत जिंजवो म्हणतात ते मारवेल गवतही चांगलं, पण लहान पिल्लाला ते चावता येत नाही, कात्रीने बारीक करून द्यावं लागतं. गायीसाठी रस्त्याकडेला मिळतो तो रजको, म्हणजे लसूणघास, आठवड्यातून एकदा थोडा चालेल. त्यात प्रथिनं जास्त असतात, तो रोजचा चारा नव्हे.

पाल्यात जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीची पानं, शेवग्याचा पाला, द्राक्षाच्या वेलीची पानं देता येतात. फड्या निवडुंगाचा कोवळा फडा काटे काढून दिला तर बहुतेक कासवं सगळं सोडून आधी त्याच्यावर तुटून पडतात. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या जास्वंदीची पानं दोन-तीन महिने देऊ नका, त्या रोपांना मुळातून शोषली जाणारी कीटकनाशकं दिलेली असतात.

खंडेराव मार्केटातून भाजी आणत असाल तर मेथी, कोथिंबीर, लाल भोपळा अधूनमधून द्या. पालक आणि चाकवत क्वचितच, त्यांतलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. कोबी-फ्लॉवरचा रोजचा रतीब नको. काकडी आणि टोमॅटोने पोट भरतं, पोषण होत नाही. फळं मुळीच नकोत. सल्काटाचं आतडं धाग्यावर चालण्यासाठी घडलेलं आहे, साखरेने त्यातल्या उपयुक्त जंतूंचा तोल बिघडून जुलाब लागतात. पोळी, भात, दूध, ब्रेड, फरसाण, कुत्र्याचं खाणं यांतलं काहीही देऊ नये. आजी-आजोबांनी प्रेमाने भरवलेला पोळीचा तुकडा कासव खातं खरं, पण त्याला तो पचत नाही. त्यांना द्यायला जास्वंदीची फुलं हाताशी ठेवली तर भरवण्याची हौसही भागते.

कॅल्शियमसाठी आठवड्यातून दोन-तीनदा साध्या कॅल्शियम कार्बोनेटची चिमूटभर पूड पाल्यावर भुरभुरावी. रोज थेट ऊन मिळणाऱ्या कासवाला ड-३ घातलेली पूड नको. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन पेटीत ठेवून द्या. कॅल्शियम मिळतं आणि कुरतडून चोचही झिजते. पानाला लावतात तो चुना मात्र कधीही देऊ नका. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजून निघते.

पाणी

पिल्लाला पहिलं वर्ष-दीड वर्ष रोज, मोठ्याला आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीपर्यंत, वेळ पंधरा-वीस मिनिटं. परात चालते, पण ती कासवासाठी वेगळी ठेवा.

या वेळी त्याच्याजवळ बसून बघा. पहिली काही मिनिटं ते कडेने धडपडतं. मग थांबतं, मान लांब करतं आणि नाक पाण्याखाली घालतं. गळ्याखालची सैल त्वचा आत-बाहेर होताना दिसली म्हणजे ते पाणी पीत आहे. बऱ्याचदा थोड्या वेळाने शी होते आणि तिच्याबरोबर पांढरा पदार्थ पडतो. हे युरेट, म्हणजे त्याच्या लघवीचा घट्ट भाग. तो दह्यासारखा मऊ असेल तर शरीरात पाणी पुरेसं आहे. बोटांत चोळल्यावर रव्यासारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय, उद्यापासून रोज बसवायला सुरुवात करा. असंच दुर्लक्ष चालू राहिलं की मूत्राशयात खडा होतो आणि तो काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. हात लगेच साबणाने धुवा, आणि ते पाणी मोरीत ओता, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको.

एरवी पेटीत किंवा अंगणात कुंडीखालची मोठी मातीची बशी पाण्याने भरून जमिनीत कडेपर्यंत पुरून ठेवा. खोल भांड्यात पिल्लू बुडतं.

बडोद्याचे ऋतू

मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि गच्चीच्या लाद्यांना हात लावता येत नाही. आफ्रिकेतलं कासव आहे, त्याला उन्हाचं काय, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथे ते अशा दुपारी जमिनीखाली असतं. अंगणात मोठा रांजण आडवा करून निम्मा मातीत पुरा, वर माती आणि पालापाचोळा घाला, आतली माती सकाळ-संध्याकाळ शिंपडून ओली ठेवा. बिळाची सोय होते. गच्चीवर हे शक्य नसेल तर अकरा ते पाच कासव घरात.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसतं, तेव्हा यूव्हीबीची नळी बाहेर काढायची. ओल्या, गार जमिनीवर रात्रभर राहिल्याने पोटाकडच्या कवचावर मऊ, दुर्गंधी येणारे चट्टे पडतात, म्हणून रात्रीची जागा कोरडी आणि उंचावर हवी. लाल मुंग्याही याच दिवसांत चढतात. पिल्लाच्या पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

सल्काटा शीतनिद्रा घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १०-१२ पर्यंत उतरतो आणि 'झोपलंय, थंडीत झोपतातच' असं समजून उघड्यावर राहिलेली कासवं न्यूमोनियाने जातात. प्लायची पेटी करून तिच्या दोन थरांमध्ये थर्मोकोल भरा. थर्मोकोल उघडा राहू देऊ नका, कासवं तो खातात.

आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. १४-१५ जानेवारीला आणि नंतर कितीतरी दिवस गच्चीवर, अंगणात, झाडांखाली मांज्याचे तुकडे पडलेले असतात. ते पायाला गुंडाळले तर रक्तप्रवाह बंद पडून पाय जाऊ शकतो, गवताबरोबर गिळले तर आतडं कापतं. ते दोन दिवस कासव पूर्णपणे आत ठेवा. नंतर गच्ची झाडून, शिवाय वाकून हाताने चाचपून मगच त्याला बाहेर सोडा.

दर आठवड्याची तपासणी

एक वार ठरवा आणि वही करा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारखा वेगळा काटा घेऊन वजन लिहा. पिल्लाचं वजन हळूहळू चढतच गेलं पाहिजे. महिनाभर अडकलं किंवा उतरू लागलं, तर बाकी काही दिसत नसलं तरी कारण शोधायला लागा.

मग डोळे: उघडे, चमकदार, खोल न गेलेले. नाक: कोरडं. नाकपुडीवर बुडबुडा, तोंड उघडं ठेवून श्वास, मान ताणून घेतलेला श्वास, श्वासात शिटीसारखा आवाज, यांतलं एकही दिसलं तर तापमान वाढवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वर्षभराच्या पुढच्या कासवाचं कवच बोटाने हलकेच दाबल्यावर दबता कामा नये. तान्ह्या पिल्लाचं थोडं लवचीक असतं. कानाच्या जागी गोल सूज आली तर आत घट्ट पू साठलेला असतो, तो डॉक्टरांनीच काढायचा. शेपटीखालून लालसर मांसल भाग बाहेर आला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडाने झाका आणि थेट निघा. मादी काही न खाता सारखी खणत असेल तर अंडी अडकली असण्याची शक्यता असते. त्यासाठी नर सोबत असावा लागत नाही.

कवचाला खोबरेल तेल, मोहरीचं तेल, रंग, नेलपॉलिश काहीही लावायचं नाही. भोक पाडून दोरी बांधणं तर क्रूरपणा आहे, कवच जिवंत हाड आहे आणि त्याला वेदना होतात.

दोन सल्काटा नर एकत्र ठेवू नका, ते एकमेकांना उलथे पाडतात. पिल्लांची जोडीही नको, त्यातलं दबकं खुरटतं. आणि कितीही प्रेमळ कुत्रा असला तरी त्याला कासवाजवळ एकटं सोडू नका, कवच त्याला चघळायचं हाडूक वाटतं.

घरात लहान मुलं असतील तर हात धुण्याचा नियम कडकपणे पाळा. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही माणसाला आजारी पाडणारा साल्मोनेला जंतू असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांपेक्षा लहान कासवांची विक्री बंद केली गेली. पाच वर्षांखालच्या मुलांना हाताळू न देणं बरं.

डॉक्टरकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असले तरी प्रत्येकाने कासव तपासलेलं असतं असं नाही. आजार होण्याआधीच फोन करून विचारून ठेवा: तुम्ही कासवं बघता का, एक्स-रे आणि विष्ठेची तपासणी होते का? बडोद्यात सोय झाली नाही तर आणंदला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गाडीने तासाभराच्या आसपास.

एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा: आयव्हरमेक्टिन नको. कुत्र्यांना आणि गुरांना जंत-गोचिडांवर नेहमी दिलं जाणारं हे औषध कासवांना लकवा आणून मारतं. कुठलंही इंजेक्शन देण्याआधी त्याचं नाव विचारा. विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही.

नेताना जेमतेम मावेल अशा खोक्यात टॉवेल घालून न्या, म्हणजे ते आपटत नाही. हिवाळ्यात बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा, उन्हाळ्यात खोकं गाडीच्या सावलीच्या बाजूला. सोबत वजनाची वही, त्या दिवशीची ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत, पेटीतल्या दोन्ही टोकांचं तापमान लिहिलेला कागद, आणि परिवेशवरच्या नोंदणीची प्रत.